रिकामा डबा आणि दुसऱ्या प्रहाराची क्षमता

ठाकुर्ली पूर्वेच्या समाधान सोसायटीतल्या महिपत घागांना जगात दोन गोष्टींची मुळीच भीती वाटत नसे: अणुबॉम्बची आणि श्रोत्यांची. बॉम्बची वाटत नसे, कारण त्यांच्या मते बॉम्ब फुटण्यासाठी नसतोच. श्रोत्यांची वाटत नसे, कारण ते त्यांना कधी मिळालेच नव्हते.

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथल्या मोठ्या प्रेसचं एक जर्मन बेअरिंग बारा वर्षं ग्रीस लावून, मेणकागदात गुंडाळून मांडणीवर पडलेलं होतं. ते एकदाही इश्यू झालं नाही आणि प्रेसही एकदाही बंद पडला नाही. मग एक नवीन मॅनेजर आला. "हे काय धूळ खात पडलंय?" म्हणून त्याने ते भंगारात काढलं, आणि बरोबर एकविसाव्या दिवशी प्रेस बसला. बाकीच्यांनी याला योगायोग म्हटलं. महिपतरावांनी सिद्धांत म्हटलं. वस्तू ठेवायची, वापरायची नाही, पण ती आपल्याकडे आहे हे समोरच्याला सतत कळत राहिलं पाहिजे. आता बेअरिंग स्टोअरमध्ये आहे हे प्रेसला कसं कळत होतं, असं त्यांना कुणी विचारलं नाही, नाहीतर त्यावरही त्यांनी अर्धा तास घेतला असता.

निवृत्तीनंतर या सिद्धांताला त्यांनी वाहून घेतलं. दोनशे पानी चौदा वह्या कात्रणांनी फुगवल्या. कुठल्या देशाने क्षेपणास्त्र उडवलं, कुणी राजदूत परत बोलावला, कुठल्या हुकूमशहाने कुणाला बेचिराख करायची धमकी दिली आणि धमकीनंतर तो स्वतः किती दिवस दिसेनासा झाला, सगळं तारीखवार. सकाळी बागेतल्या बाकावर ते "पहिला वार आपण करायचा नाही, पण दुसऱ्या प्रहाराची क्षमता..." एवढं म्हणाले की शेजारच्या मंडळींना एकदम दूध आणायची आठवण होई. घरी पत्नी कलावतीबाई ऐकून घेत, पण त्या भाजी निवडता निवडता ऐकत, आणि मधेच "अहो, ती कोथिंबीर इकडे करा" म्हणत. अण्वस्त्र प्रसारबंदीच्या मध्यावर कोथिंबीर आली की माणसाचं काय होतं, ते त्यालाच ठाऊक.

तरी महिपतरावांकडे एक अशी गोष्ट होती जी भल्याभल्या संरक्षणतज्ज्ञांकडे नसते. त्यांच्याकडे खराखुरा शत्रू होता आणि खरंखुरं अस्त्र होतं.

समाधान सोसायटी ज्या बिल्डरने बांधली तो एकतर कंजूष असावा किंवा फार मोठा तत्त्वज्ञ. ए आणि बी अशा दोन विंग, मध्ये चिंचोळी बोळकांडी. खालची पाण्याची टाकी आणि पंप ए विंगच्या जिन्याखाली. वरची टाकी मात्र बी विंगच्या गच्चीवर, आणि तिथूनच ए विंगकडे येणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह. म्हणजे ए विंगने पंप लावला नाही तर बी विंग कोरडी, आणि बी विंगने व्हॉल्व्ह फिरवला तर ए विंग कोरडी. पंपाच्या खोलीची चावी महिपतरावांच्या कमरेला. व्हॉल्व्हचा पान्हा बी विंगच्या नाथा तांडेलांच्या पलंगाखाली.

नाथाभाऊ मोठागावच्या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या होडी चालवणाऱ्या घरातले. पोरं नोकरीला लागली तसे ते इकडे फ्लॅटमध्ये आले, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर, टाकीच्या अगदी शेजारी, सुकवायला बोंबील घातले. महिपतरावांनी ताबडतोब, स्वतःच्या नावाने छापून घेतलेल्या लेटरहेडवर निषेध नोंदवला. त्यात 'एकतर्फी आणि चिथावणीखोर' असे शब्द होते. नाथाभाऊंनी ते पत्र बोंबलांखाली अंथरलं. त्या दिवशी अर्धा तास व्हॉल्व्ह बंद राहिला आणि अर्धा तास पंप बंद राहिला, आणि दोन्ही बाजूंना एकदम उमगलं की हे फार वाढवण्यात अर्थ नाही.

महिपतरावांनी तिथेच जाहीर केलं की यापुढे बी विंगशी संपूर्ण निर्बंध, बोलणं नाही, जाणं-येणं नाही, नमस्कार सुद्धा नाही. तेव्हापासून ते सकाळी कंपाउंडातून जाताना चावी मुद्दाम खुळखुळवत. नाथाभाऊ गॅलरीत बसून पान्ह्याला तेल लावत. आणि अकरा वर्षांत पाणी एकदाही थांबलं नाही. याहून मोठा पुरावा जगात कुणाकडे असेल?

अशात एप्रिलमध्ये डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह प्रशांत लेले यांचा फोन आला. व्याख्यानमालेचं रविवारचं पुष्प एक निवृत्त नौदल अधिकारी गुंफणार होते, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. विषय छापून झालेला होता: 'अणुशस्त्रधारी शत्रू: मुत्सद्देगिरी की धाक?'

"बागेत तुम्ही यावर काहीतरी बोलत असता, असं कानावर आलंय," लेले म्हणाले. "पाऊण तास जमेल का? नाही म्हणालात तरी चालेल, मग आम्ही भजन ठेवू."

महिपतरावांनी दोनदा हो म्हटलं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना बोला म्हणत होतं. घरी सांगायला कुणी नव्हतं, कारण कलावतीबाई लेकीच्या, विनिताच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेल्या. म्हणून त्यांनी आधी कुंडीतल्या तुळशीला सांगितलं, मग पुण्याला फोन केला. "बरं झालं," कलावतीबाई म्हणाल्या, "तो पांढरा शर्ट धुवून घ्या. आणि अहो, दुपारी जरा..." तेवढ्यात बाळ रडलं आणि फोन बंद झाला.

ते अर्धं राहिलेलं वाक्य पुढे फार महागात पडणार होतं.

महिपतराव दुपारी दोन ते चार झोपत. अशी झोप की पंपाखाली सुरुंग लावला तरी कूस बदलणार नाहीत. पण त्या गुरुवारी व्याख्यानाच्या विचाराने त्यांना झोप लागेना. अडीचच्या सुमारास स्वयंपाकघराच्या खिडकीवर टक टक झालं. जाऊन बघतात तो बोळकांडीपलीकडच्या खिडकीतून कपडे वाळत घालायची एक लांब काठी आलेली, काठीच्या टोकाला आकडा, आणि आकड्याला पिशवीत घातलेला स्टीलचा डबा. त्यांनी चमकून पिशवी काढून घेतली तशी काठी सरसर मागे गेली आणि पलीकडचा पडदा पडला.

डब्यावर मशिनने नाव कोरलेलं होतं: सौ. आवडाबाई नाथा तांडेल.

महिपतराव डब्याभोवती दोन वेळा फिरले. हा शत्रूचा टेहळणीचा प्रकार असू शकतो. हे आमिष असू शकतं. व्याख्यानाची बातमी फुटली असून आपला घसा बसवायचा डाव असू शकतो. शेवटी पुराव्याची तपासणी म्हणून त्यांनी झाकण उघडलं. आत कांद्यावर परतलेला सुका जवळा होता, कोकम घालून. त्यांनी तपासणी पावाबरोबर केली आणि ती पूर्ण व्हायला सात मिनिटं लागली. संगमेश्वरला आईच्या हातचा खाल्लेला, त्यानंतर असा जवळा त्यांच्या तोंडात गेला नव्हता. पण चव वेगळी आणि धोरण वेगळं.

त्यांनी डबा घासला. बाजूला चिकटलेला एक दाणाही राहू दिला नाही, इतका लख्ख केला की त्यात चेहरा दिसावा. आत लेटरहेडवर चिठ्ठी टाकली: 'वस्तू पोचली. निर्बंध कायम आहेत. यापुढे असे पाठवू नये.' मग जळमटं काढायच्या लांब झाडूला पिशवी अडकवून तो डबा त्यांनी स्वतःच्या हाताने पलीकडच्या खिडकीत सरकवला. आपण किती खंबीर आणि तरी किती सभ्य, या विचाराने त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

देवा! एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला एवढं कळू नये? शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. चार दाणे साखरेचे, एक लिंबू, कढीपत्त्याची काडी, काहीतरी घालूनच देतात. रिकामा डबा परत आला याचा अर्थ त्या घराने या घराशी संबंध तोडले, आणि तोही घासून लख्ख केलेला म्हणजे फार विचार करून तोडले.

शुक्रवारी सकाळी महिपतरावांनी शर्ट साबणाच्या पाण्यात भिजवला, चोळला आणि तो खळबळायला नळ सोडला. नळाने एक ढेकर दिली आणि गप्प झाला.

खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना आनंदच झाला. रविवारी व्याख्यान आणि शुक्रवारी लढाई! वही क्रमांक चार उघडून त्यांनी 'प्रमाणशीर प्रत्युत्तर' हे पान काढलं, खाली गेले, आणि दोन्ही विंगच्या बायका बघत असताना पंपाच्या खोलीला कुलूप घातलं. गॅलरीतून नाथाभाऊंनी पान्हा वर करून दाखवला. खालून महिपतरावांनी चावी वर करून दाखवली. दहा वाजता वरची टाकी संपली आणि बी विंगही कोरडी पडली.

सिद्धांतानुसार आता दोन्ही बाजूंनी शहाणपणाने माघार घ्यायला हवी होती. तशी काही चिन्हं दिसेनात. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या योगिनी वहिनी डोक्याला मेंदी लावून आल्या आणि "काका, हे मी आता कशाने धुवू?" म्हणून समोर उभ्या राहिल्या. महिपतरावांनी त्यांना समजावलं की धाक म्हणजे धीराचा खेळ असतो. योगिनी वहिनी जे म्हणाल्या ते व्याख्यानमालेत सांगण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत ए विंग आणि बी विंग यांच्यात पूर्ण एकमत झालं होतं की दोन्ही म्हाताऱ्यांना खाडीत बुडवावं, आणि अडचण एवढीच की खाडी लांब आहे.

शनिवारी सकाळी महिपतरावांनी आंघोळीऐवजी पावडर लावली. शर्ट बादलीत साबणात तसाच. उद्या पाच वाजता बोलायचं, आणि बोलायचं काय, तर धाकामुळे अकरा वर्षं एक थेंब पाणी थांबलं नाही! भाषणाचा तोच कणा होता आणि तो मोडून बादलीशेजारी पडला होता. शेवटी त्यांनी पुण्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं, डब्यासकट.

कलावतीबाईंनी आधी बाळ विनिताकडे दिलं.

"अहो," कलावतीबाई म्हणाल्या, "तुम्ही डबा रिकामा दिलात?"

"रिकामा नाही. चिठ्ठी होती."

"चिठ्ठी होती!" त्यांनी कपाळावर हात मारल्याचं पुण्याहून ऐकू आलं. "आवडाबाईंचा आणि माझा डबा चाललेला होता हो! अकरा वर्षं! तुम्ही ते पत्र पाठवलंत ना, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी काठीने आमरस पाठवला. त्यांनी डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून कोलंबी घालून दिला. मग मी रिकामा कसा देऊ? तेव्हापासून दर आठवड्याला. एकदा नाथाभाऊंनी पान्हा उचललेला, तर आवडाबाई म्हणाल्या, अजून कलावतीचा डबा माझ्याकडे आहे, तो जाऊ दे मग काय ते कर. असं किती वेळा झालंय, तुम्हाला काय माहीत. तुम्ही झोपलेले."

महिपतराव स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, वाईट वाटलं. अकरा वर्षं रोज सकाळी चावी खुळखुळवत आपण जी शांतता राखली असं ते समजत होते, ती रोज दुपारी त्यांच्या घोरण्याच्या आडून दोन बायका काठीवरून इकडून तिकडे नेत होत्या. आणि एवढं करून बाई त्यांची व्याख्यानंही ऐकून घ्यायची, एकदाही हसली नव्हती.

"आता काय करू गं?" त्यांनी विचारलं.

"काहीतरी करा, घाला आणि द्या. शिरा जमेल? रवा वरच्या फळीवर, डावीकडे."

वरच्या फळीवर डावीकडे दोन डबे होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. स्टोअरमधल्या सातशे मांडण्या पाठ असलेला माणूस स्वतःच्या घरातल्या दोन डब्यांपुढे हतबल झाला. त्यांनी जो उचलला त्यात इडलीचा रवा होता. पाणी नव्हतंच, म्हणून अर्धा लिटर दूध ओतलं. फोनवरून हुकूम सुटत होते, "ढवळा, ढवळा, थांबू नका," आणि महिपतराव ढवळत होते. जे तयार झालं ते दिसायला शिऱ्यासारखं होतं. चवीला गोड होतं. दाताखाली छर्रे होते.

तांडेलांचा डबा तर तांडेलांकडेच गेलेला, म्हणून त्यांनी कलावतीबाईंचा, त्यांचं नाव कोरलेला डबा भरला. काठी वापरण्याएवढी आपली लायकी नाही असं त्यांना वाटलं. सगळे बघत असताना ते जिना उतरले, कंपाउंड ओलांडलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा बी विंगचा जिना चढले. योगिनी वहिनींनी मेंदीच्या डोक्याने मोबाइलवर शूटिंग केलं.

दार आवडाबाईंनी उघडलं. लहानखुऱ्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. त्यांचे डोळे रडून लाल झालेले होते.

"वहिनी, मला माहीत नव्हतं," महिपतराव एवढंच म्हणाले आणि डबा पुढे केला.

आवडाबाईंनी तो हातात घेऊन वजन पाहिलं. उघडला नाही. "मना कुठं चिठी वाचता येतंय? मना वाटला कलावती घरातच हाय, ती रागावली," त्या म्हणाल्या. "दोन दिस झोप नाय. मी बोलली, माझे हातशी काय चुकला?" मग वळून आत ओरडल्या, "अरं! ऊठ. भरलेला आलाय."

नाथाभाऊ पान्हा घेऊन बाहेर आले. "आधी पंप चालू करा."

"आधी व्हॉल्व्ह उघडा," महिपतराव सवयीने म्हणाले. "निःशस्त्रीकरणात क्रमाला फार महत्त्व..."

"दोगं पन गप बसा!" आवडाबाई कडाडल्या. "तू वरती जा, तुमी खालती जा. मी खिडकीतशी हाक मारतंय तवा दोगांनी एकदम करा."

आणि त्यांनी खिडकीतून अशी हाक मारली की ठाकुर्ली स्टेशनवरचे लोक वळून बघू लागले. पंप घुमला, व्हॉल्व्ह फिरला. ए विंगच्या सगळ्या नळांनी एकदम ढेकर दिली, आणि महिपतरावांच्या बादलीवरचा, घरात कुणी नसताना उघडा राहिलेला नळ शर्टावर धो धो वाहायला लागला.

रविवारी पाच वाजता ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात तेवीस माणसं होती. शर्ट बगलेत अजून ओला होता. महिपतरावांनी पाण्याच्या तांब्याशेजारी चौदा वह्या रचल्या आणि बेअरिंगपासून सुरुवात केली. मागच्या ओळीत नाथाभाऊ येऊन बसलेले पाहिले आणि बेअरिंगच्या मध्यावरच थांबले. मग त्यांनी नऊ क्रमांकाची वही उघडली.

"हे एक कात्रण आहे," ते म्हणाले. "बोटभर आहे. शेजारी मी 'किरकोळ' असं लिहिलंय. दर एक जानेवारीला आपण आणि पाकिस्तान एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांची यादी देतो. यावर हल्ला करायचा नाही म्हणून. तीस वर्षांवर झाली. मधे कारगिल झालं, राजदूत परत गेले, सीमा बंद झाल्या, तरी यादी गेली आणि यादी आली. मी चौदा वह्या क्षेपणास्त्रांवर भरल्या आणि या कागदाला किरकोळ म्हटलं. ही यादी कोण टाइप करतं, कोण नेऊन देतं, मला माहीत नाही. त्यांचं नाव कुठेच छापून येत नाही." त्यांनी तांब्यातलं पाणी प्यायलं. "माझ्या घरी ते काम माझी बायको करते. मला कालच कळलं."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, जवळ्यापासून छर्र्यांपर्यंत. कुणाला दूध आणायची आठवण झाली नाही. पाऊण तासाचा तास झाला तरी लेल्यांनी घंटा वाजवली नाही.

शेवटी एका आजोबांनी विचारलं, "मग घागसाहेब, मुत्सद्देगिरी की धाक?"

महिपतरावांनी कमरेची चावी काढून दाखवली. "ही मी देणार नाही. नाथाभाऊ पान्हा देणार नाहीत. इतका काही मी बदललो नाही. पण चावीने पाणी थांबवता येतं, एवढंच. ते अकरा वर्षं चालू ठेवलं डब्याने."

मागून नाथाभाऊंनी हात वर केला. "माझा पन सवाल हाय. तो शिरा होता का सिमेंट? माझा दात हलतंय."

तेवीस माणसं हसली, आणि सगळ्यात जास्त व्याख्याते हसले.

सोमवारी दुपारी महिपतराव सवयीने आडवे झाले. अडीच वाजता खिडकीवर टक टक झालं. काठीच्या आकड्याला कलावतीबाईंचा डबा परत आलेला, आत तांदळाच्या भाकऱ्या आणि भरलं पापलेट, वर फडक्यात बांधलेला वाटीभर बारीक रवा. महिपतरावांनी डबा उतरवून ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. आता हा रिकामा कसा द्यायचा?

त्यांनी पुण्याला फोन लावला. "अगं, तू महिनाभर तरी येत नाहीस ना? मग एक एक सांग. मी लिहून घेतो." आणि पंधरावी वही उघडून त्यांनी पहिल्या पानावर तारीख घातली आणि खाली लिहिलं: शिरा, बारीक रवा.

त्या दिवसापासून महिपत घाग दुपारी झोपले नाहीत.